साखर लागलेली साक्ष

मी नव्वद सेंटिमीटरची माती बोलतेय. हसू नका. तुमच्यात नाही का, कोणी इंदूरचे, कोणी देवासचे म्हणून ओळखले जातात? तशी मी नव्वदची. जमिनीच्या वरच्या अंगापासून मोजत खाली आलात की नव्वद सेंटिमीटरवर माझं घर होतं. होतं म्हणते, कारण आता मी उज्जैनच्या माधव नगरात, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, एका कुंडीत आहे. इथवर कशी आले ते सांगायचं आहे, आणि मी रागात आहे, तेव्हा आवाज चढला तर चढू द्या.

आधी तुमच्या बोलण्याबद्दलच बोलते. काम बिघडलं की तुम्ही म्हणता, त्याची माती केली. कोणी चुकलं की त्याने माती खाल्ली. शाप द्यायचा असला की तोंडात माती पडो. वस्तूला किंमत नसली की ती मातीमोल. का हो? मी तुमचं काय घोडं मारलंय? हजारो वर्षं एका जागी पडून राहिले, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. उलट तुम्ही जे जे विसरलात ते सांभाळून ठेवलं. आणि तुमच्या या गावात, मराठीत बोला की हिंदीत, माझ्याबद्दल एकच वाक्य ऐकलं. मिट्टी ही तो है!

उज्जैनपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर एक बीड आहे. बीड म्हणजे गवताचं राखलेलं रान, मराठीत तुम्ही कुरण म्हणाल. चाळीस बिघ्यांचं. काळा पाषाण झिजून झिजून माळव्याची काळी माती झाली, त्यातच माझाही जन्म. माझ्या खाली मुरूम, म्हणजे अर्धवट कुजलेला दगड. त्यामुळे त्या बिडातली सगळ्यात खालची आणि सगळ्यात जुनी माती मीच. वय विचारू नका. शेजारच्या गावात आधी तपासलेल्या एका खड्ड्यावरून अंदाज बांधून निहारिका म्हणते, अडीच-तीन हजार वर्षं. असतील.

निहारिका कोण ते सांगतेच, पण त्याआधी माझ्यात काय आहे ते ऐका, नाहीतर तुम्हीही म्हणाल, मातीत काय असतं!

हवेत कार्बन असतो आणि झाडझाडोरा त्याच्यावरच वाढतो. या कार्बनमध्ये दोन भाऊ आहेत. एक हलका, एक किंचित जड. जड भाऊ फार थोडा. मोठी झाडं, वेली, झुडपं त्याला फारसं जवळ करत नाहीत. आमच्याकडचं उन्हापावसात वाढणारं गवत मात्र त्याला बरंच सामावून घेतं. ज्वारी, मका, ऊस हे सगळे त्या गवताचेच नातेवाईक. उसाचं नाव लक्षात ठेवा, माझं वाटोळं त्यानेच केलं.

पान गळतं, मूळ कुजतं, झाड जातं, गवत जातं. पण त्या दोन भावांचं प्रमाण माझ्यात राहून जातं. मोठ्या यंत्रात मला जाळून माझा धूर तपासला की आकडा येतो. दाट जंगलात जन्मलेली माती उणे सव्वीस-सत्तावीसच्या आसपास बोलते, निव्वळ गवतातली उणे बारा-तेराच्या. मधला आकडा आला की समजायचं, गवतही होतं आणि झाडंही. इतकी साधी आणि सरळ माझी साक्ष. मला खोटं बोलताच येत नाही. खोटं माझ्या तोंडात घालावं लागतं.

मे महिन्यात निहारिका बिडात आली. कॉलेजात संशोधन करणारी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. काळ्या मातीला उन्हाळ्यात हातहातभर भेगा पडतात आणि वरची माती त्या भेगांतून खाली घरंगळते, तेव्हा कुठेही खणून चालत नाही. तिने दोन दिवस फिरून भेग नसलेली जागा शोधली. मग खड्डा, मग टेप, मग दर दहा सेंटिमीटरवर खुरप्याने थोडी थोडी माती. दहा पिशव्या भरल्या. शेवटची मी. खड्ड्याच्या भिंतीवरून मला काढताना तिने आधी तिथला पापुद्रा खरवडून टाकला, वरच्या कोणाची धूळ मला लागू नये म्हणून. तीन हजार वर्षांत माझी अशी कदर कोणी केली नव्हती.

खड्ड्याच्या काठावर धापूबाई बसली होती. गावातली म्हातारी, सात म्हशी आणि बऱ्याच बकऱ्या, सगळ्या या बिडावर जगणाऱ्या. पावसाळ्यानंतर इथलं गवत कापून तिचं गाव वर्षभर ढोरं पोसतं.

"बेन, माटी से कई पूछ री है?" तिने विचारलं.

"यहाँ पहले क्या था, वो पूछ रही हूँ, बाई."

"म्हारे से पूछ ले नी. म्हारी सासू की सासू भी याँ चारो काटती थी. यो बीड है, जंगल नी."

"बाई, आपकी बात कागज पे नहीं चलेगी. मिट्टी की चलेगी."

म्हातारी हसली. पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. बोलत्या माणसाचं ऐकायचं नाही म्हणून मुक्या मातीला साक्षीला बोलवायचं, हा तुमचा न्याय!

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर शहरातल्या एका हरित समितीला त्या बिडावर जंगल लावायचं होतं. दहा हजार रोपं, भोवती तारेचं कुंपण, फाटकावर नावाची पाटी. समितीचे अध्यक्ष विक्रांतजी. हे मराठी समाजातले बडे गृहस्थ, निहारिकाच्या घरी गणपतीला आरतीला येणारे. त्यांचं म्हणणं, तीन हजार वर्षांपूर्वी हे सगळं घनदाट अरण्य होतं, पोथीत लिहिलंय, लोकांनी ढोरं चारून चारून उजाड केलं, आम्ही फक्त जुनं परत आणतोय.

पोथीत वन असेल, मी कुठे नाही म्हणते? नदीकाठी असेलही. पण माझ्या डोक्यावर काय होतं ते मला माहीत, की विक्रांतजींना? झाड लावणं वाईट असं मी म्हणत नाही. पण गवत उगवलेल्या जागेला उजाड म्हणणाऱ्याचा मला संताप येतो. ज्यात ससे राहतात, टिटव्या अंडी घालतात, एका गावाची ढोरं जगतात, ते उजाड? आणि ओळीने लावलेली, तारेत कोंडलेली एका जातीची रोपं म्हणजे अरण्य?

जिल्ह्याच्या कचेरीत सुनावणी ठरली. साहेबांनी दोन्ही बाजूंना सांगितलं, इथे आधी काय होतं ते दाखवा. माझ्या वरच्या नऊ जणींची साक्ष होतीच, पण त्यांच्यावर विक्रांतजी म्हणू शकत होते की हे सगळं माणसांनी जंगल तोडल्यानंतरचं. वस्तीच्या आधीचं सांगणारी मी एकटीच. म्हणजे धापूबाईचं बीड राहणार की जाणार, हे माझ्या आकड्यावर अडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कोणालातरी हवं होतं.

मग? मग मला जपायला नको?

निहारिकाने माझी अर्धी वाटणी कॉलेजच्या कपाटात ठेवली होती, अडीअडचणीला असावी म्हणून. जुलैत कॉलेज बघायला बाहेरून कमिटी येणार होती, तेव्हा भिंतींना रंग दिला, फुलझाडं भाड्याने आणली आणि कपाटं साफ केली. माझी अर्धी वाटणी कचऱ्याच्या गाडीत गेली. निहारिका विचारायला गेली तर उत्तर मिळालं, "मॅडम, मिट्टी ही तो थी." कमिटीने कॉलेजला चांगला शेरा दिला म्हणे. कपाट स्वच्छ होतं ना!

त्याच कॉलेजात माती वाळवायची भट्टी तीन महिने बंद पडलेली. म्हणून उरलेल्या आम्ही दहा जणी निहारिकाच्या घरी आलो. माधव नगरातला फ्लॅट. वडील श्रीधर, बँकेच्या नोकरीत बदलून उज्जैनला आले आणि निवृत्त होऊनही इथेच राहिलेले. आई अलका, इथल्याच जुन्या मराठी घरातली. तिचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकुनीला आले होते, आणि त्या घराचा वारसा म्हणून तिच्याकडे दोन गोष्टी आल्या. पुरणपोळीचा हात आणि मराठी पंचांग.

हे पंचांगाचं नीट समजून घ्या, सगळा घोळ त्यातच आहे. या गावाचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखीला संपतो. मराठी घरांचा श्रावण मात्र राखीला कुठे अर्ध्यावर आलेला असतो, तो पोळ्याच्या अमावास्येपर्यंत चालतो. महाकालाची सवारीसुद्धा म्हणून तर पुढचे सोमवार निघते. उज्जैनच्या मराठी बाईला हे सांगावं लागत नाही.

अलकाबाई श्रावणातल्या दर सोमवारी पार्थिव करतात. मातीचं शिवलिंग घडवून पूजा करायची आणि नदीत विसर्जन करायचं. निहारिकाला ते ठाऊक होतं. म्हणून सावन लागल्यापासून तिने आम्हाला वडिलांच्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवलं. शहाणी मुलगी. पण दिवसभर कॉलेजात, हिंदीत, तिथल्या मैत्रिणींबरोबर. राखी झाली, त्यांचे उपास सुटले, कॉलेजच्या डब्यांत कांदा दिसू लागला, आणि हिला वाटलं, चला, श्रावण संपला. मराठी घरात जन्मून हिने गावाच्या पंचांगाने कुलूप काढलं!

आम्हाला गॅलरीत दहा स्टीलच्या ताटल्यांत पसरलं. प्रत्येकीखाली चिठ्ठी. चार संध्याकाळ बसून निहारिकाने चिमट्याने माझ्यातले केसासारखे मुळांचे धागे वेचले, तांदूळ निवडावे तशी मला निवडली. अकराव्या ताटलीत उरलीसुरली, खडे आणि मुळं असलेली माती. तिच्याबद्दल ती आईला म्हणाली, "आई, ही फालतूची आहे, ही कुंडीत टाकली तरी चालेल. बाकीच्यांना हात नको लावू हं." मंगळवारी आमची पाकिटं दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाणार होती. दहा दिवसांत आकडे, बाराव्या दिवशी सुनावणी.

मधे सोमवार होता.

त्या दिवशी निहारिका सकाळीच बिडावर गेली. शिप्रेला पाणी आलं होतं, राम घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, माती विकणारी नेहमीची बाई बसलीच नव्हती. अलकाबाई रिकाम्या हाताने परतल्या. गॅलरीत आल्या. अकरावी ताटली उचलली, बोटांनी चाळवली, आणि खाली ठेवली.

"खडे आहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "देवाला असली कशी द्यायची?"

आणि माझ्याकडे वळल्या.

आता सांगा, या माणसाला काय म्हणावं! फालतूची माती वापरायला परवानगी होती. पण देवाला फालतू चालत नाही, देवाला उत्तमच द्यायचं, म्हणून मुलीने चार दिवस निवडलेली उचलायची. आधी मूठभरच घेतली. पुरेना, तेव्हा सगळीच घेतली. मला मळली, लिंग घडवलं, खाली बैठक केली, ताम्हनात ठेवलं. खोटं कशाला बोलू, हात मऊ होता, आणि तीन हजार वर्षांत मला कोणी नमस्कार केला नव्हता. दोन क्षण मीही विरघळले. मग पंचामृत आलं.

दूध, दही, तूप, मध. आणि साखर. अलकाबाईंचा हात साखरेला सैल. उसाची साखर, मघाशी सांगितलेल्या गवताच्या त्या नातेवाइकाची. उणे बाराच्या आसपासची. माझ्यात शंभर भागांत अर्धा भाग कार्बन, आणि ही चमचा चमचा नुसता कार्बन घेऊन माझ्या अंगात मुरली. यंत्राला काय कळणार, कुठला जुना आणि कुठला पूजेचा? मी ओरडत होते. घंटेच्या आवाजात ऐकू जाणार नव्हतं, आणि तसंही मातीचं कोणी ऐकत नाही.

लिंग राम घाटावर वाहत्या पाण्यात गेलं. माझा अर्ध्याहून जास्त देह शिप्रेत गेला. बैठक ताम्हनात सुटून राहिली होती. आणि इथे त्या बाईचा सरळपणा बघा. दुसऱ्याची वस्तू सगळी कशाला संपवायची, म्हणून त्यांनी ती उरलेली माती परत माझ्या ताटलीत घातली, बोटांनी सारखी पसरली, पंख्याखाली वाळवली, चिठ्ठीसुद्धा होती तशी खाली सरकवली. मंगळवारी मी हुबेहूब पहिल्यासारखी दिसत होते. बोटांनी पसरल्यामुळे थोडीच कमी वाटत होते, एवढंच.

मला मुंग्यांनी वाचवलं. की बुडवलं? तुम्हीच ठरवा. निहारिका सकाळी पाकिटं भरायला बसली आणि बघते तर नऊ ताटल्या कोरड्या ठाक, आणि दहावीला मुंग्यांची रांग.

"आई! ह्या मातीला मुंग्या कशा काय लागल्या?"

अलकाबाईंनी काही लपवलं नाही. "अगं, काल पार्थिव केलं ना. घाटावर मातीवाली नव्हती. थोडीशीच घेतली, उरलेली परत ठेवली."

निहारिकाने हातातलं पाकीट खाली ठेवलं. "श्रावण तर संपला ना?"

"त्यांचा संपला. आपला कुठे संपला? तू काय मराठी नाहीस का?"

"मी किती वेळा सांगितलं होतं, हात नको लावू म्हणून! ती अकरावी होती ना बाजूला!"

"तिच्यात कचरा होता बेटा. मी तर समजली, तू धुतलेलीच माती आहे, चांगली आहे, देवाच्या कामी आली. मातीच तर आहे. परत आणू."

मातीच तर आहे! त्या घरातसुद्धा, त्या मऊ हाताच्या तोंडूनसुद्धा!

निहारिका रडली नाही. ती हळू आवाजात आईला सगळं सांगत गेली, साखर, ऊस, गवत, आकडा, धापूबाईच्या म्हशी. अलकाबाईंचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे देवाच्या नावाने मी त्या बाईचं रान खाल्लं?"

आता ऐका शिकल्यासवरलेल्यांचं. श्रीधरराव चष्मा पुसत म्हणाले, "अगं, पण आकडा गवताकडेच झुकणार ना? तुला तेच तर हवंय. पाठवून दे. कोण विचारणार आहे?" निहारिकाने कॉलेजातल्या सरांना फोन लावला. फोनमधून त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "निहारिका, सेंपल भेज दो. नंबर घास का ही आएगा, अपने केस को फायदा है. शक्कर की बात लिखने की क्या जरूरत है?"

माझ्या रागाला पारावार राहिला नाही. विक्रांतजी माझ्या तोंडी अरण्य घालू बघत होते, हे साखर घालत होते. फरक काय? मला म्हणायचं होतं ते दोघांनाही नको होतं. माझ्या काळी गवतच जास्त होतं, खरं आहे, पण मधून मधून झाडंही होती, विरळ, सावलीपुरती. जनावरं त्यांच्याखाली उभी राहायची. साखरेने ती झाडं पुसली असती. चांगल्या कामासाठी का होईना, माझ्या तोंडून खोटं वदवलं असतं.

निहारिकाने फोन ठेवला. मग नऊ पाकिटं भरली. दहाव्यावर लिहिलं, नव्वद सेंटिमीटर, नमुना दूषित, पाठवला नाही. मला वाटतं, त्या दिवसापुरता माझा तिच्यावरचा राग गेला.

पुढचं मी कुंडीतून ऐकलेलं. सुनावणीत नऊ आकडे वाचले गेले, सगळे गवताचे. निहारिकाने दहाव्याचं काय झालं ते साखरेसकट सांगितलं. लोक हसले. विक्रांतजी नाही हसले, ते गोड बोलले. "निहारिका आपली घरची मुलगी आहे, साहेब. पण असली पन्ना ही गायब है, खरं पानच नाही. श्रीधररावांच्या घरात माती शिवाच्याच कामी आली, यातच सगळं आलं ना?" साहेबांनी कागदावर सही केली. रोपं लावा, नवा पुरावा आला तर त्या दिवशी जी जमीन उरली असेल तिचा विचार करू.

उरली असेल तिचा! म्हणजे शर्यतच लावली म्हणायची.

चार दिवसांत ट्रॅक्टरला जोडलेलं, रोपांसाठी खड्डे पाडणारं गिरमिट बिडात फिरू लागलं. निहारिका पुन्हा खणायला निघाली. पावसाळ्यात काळ्या मातीत खड्डा म्हणजे थट्टा नाही, भिंती ढासळतात, वरची खालचीत मिसळते. उत्तरेच्या कोपऱ्यात थोडा उंचवटा होता, पाणी न साठणारा, तिथेच काय ते जमणार होतं. आणि तिच्याबरोबर कोण गेलं माहीत आहे? अलकाबाई. साठीच्या, गुडघे दुखणाऱ्या. त्या रात्री घरी आल्या तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत काळी होती आणि तळहाताला फोड होते. पहिला खड्डा ढासळला, दुसराही. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, तिसरा खड्डा उभा राहिला आणि त्याच्या नव्वद सेंटिमीटरवरून एक नवी पिशवी भरली गेली.

तोवर गिरमिट त्या कोपऱ्याशी पोचलं होतं. धापूबाईने आपली खाट आणून त्याच्यासमोर टाकली आणि वर बसली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "माँजी हटो, सरकारी काम है." ती म्हणाली, "थारो काम सरकारी, म्हारी खाट घर की. माटी को जवाब आवा दे." दिवसाढवळ्या, उन्हात, सोळा दिवस ती खाट तिथून हलली नाही. रोज तिला भाकरी कोणी ना कोणी आणून द्यायचं. दोनदा माधव नगरातून डबा गेला.

अलकाबाईंनी ती नवी पिशवी मांडीवर घेऊन घरी आणली. स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहिली: देवासाठी नाही. मग थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: कोणासाठीच नाही, हिचं हिलाच बोलू द्या.

सोळाव्या दिवशी आकडा आला. उणे पंधरा आणि काही. गवत, आणि मधून मधून झाडं. माझी ती बहीण माझ्यासारखीच बोलली. मी जे सांगणार होते ते शब्दशः. साहेबांनी काम थांबवलं. धापूबाई खाटेवरून उठली.

चाळीसपैकी सात बिघे वाचले. बाकी तेहेतीस बिघ्यांवर आता कुंपण आहे, फाटकावर पाटी आहे, आणि ओळीने लावलेली रोपं आहेत. काही जगली, बरीचशी वाळली. गावातल्या निम्म्या ढोरांना दाणापाणी बाहेरून आणावं लागतं. धापूबाईने सातातल्या चार म्हशी विकल्या. दिवाळीच्या सुमारास ती एकदा या घरी येऊन गेली, सात बिघ्यांतल्या गवताची एक पेंडी घेऊन. अलकाबाईंनी तिला पाटावर बसवलं, चहा दिला. साखर घालताना त्यांचा हात थांबला.

विक्रांतजी यंदाही गणपतीला आरतीला आले होते. टाळ छान वाजवतात.

आणि मी? मला फेकून देणं अलकाबाईंना जमेना, म्हणून त्यांनी कुंडीत घातलं, शेणखत मिसळलं, वर तुळस लावली. तुळस चांगली फोफावली आहे. तिची मुळं रोज माझ्यात खोल शिरतात, मरतात, कुजतात, आणि तिचा हलका कार्बन माझ्यात मिसळतो. आधी साखरेने मला गवत केलं, आता तुळस मला झाड करते आहे. आणखी दहा-वीस वर्षांनी मला विचारलंत तर मी काय सांगेन, मलाच माहीत नाही. माझ्या काळची ती विरळ झाडं आणि त्यांच्याखाली उभी राहणारी जनावरं मला आत्ताच धूसर आठवतात.

तेवढ्यासाठी हा आरडाओरडा. मला देव करू नका, मातीमोलही करू नका. माझ्यावर कुंपण घालण्याआधी, मला मळण्याआधी, माझ्यात गिरमिट घालण्याआधी एकदा विचारा, एवढंच मागते. मी सावकाश बोलते, पण बोलते.

अलकाबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि साखरेचा नैवेद्य दाखवतात. पूर्वी त्या ती साखर कुंडीतच सोडायच्या. आता वाटीवर तळहात धरतात, नैवेद्य दाखवून होतो, आणि वाटी तशीच झाकून आत नेतात. एक दाणासुद्धा माझ्यावर पडू देत नाहीत.

आता जपता, बाई. आता.